यादी वाचल्याशिवाय काडी नाही

मांडवकरांना माणसाचं नाव नंतर आठवायचं, नंबर आधी. ऑफिसच्या दारात पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला एखादा गृहस्थ येऊन उभा राहिला, की ते चष्म्याच्या वरून त्याच्याकडे दोन क्षण बघत आणि म्हणत, "या, नऊशे सदुसष्ट. बसा." मुंबईत बऱ्यापैकी हुद्द्यावर असलेला तो माणूस हात मागे घेऊन आठवीतल्यासारखा उभाच राहायचा.

हा नंबर जनरल रजिस्टरमधला. मूल शाळेत दाखल झालं की त्या जाडजूड रजिस्टरात त्याच्या नावाची एक ओळ पडते. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा. आणि मूल शाळा सोडून गेलं की त्याच ओळीच्या शेवटी ती तारीख. पुढे जन्मभर जेव्हा जेव्हा सरकार त्या माणसाला तू कोण म्हणून विचारतं, तेव्हा तेव्हा त्याला या ओळीकडेच बोट दाखवावं लागतं. आमच्या शाळेतल्या अशा दोन हजारांवर ओळी मांडवकरांच्या ताब्यात होत्या. पगारपत्रकात ते वरिष्ठ लिपिक होते, पण गावात त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी मात्र पहिलं वर्षभर त्यांना मांडवकरच म्हणत होते, आणि तेही जरा आवाज चढवून.

चूक माझ्या स्वभावाची. मी रत्नागिरी शहरातल्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका म्हणून या शाळेत आले. हातखंब्याहून पालीकडे जाताना डाव्या हाताला एक रस्ता आत जातो, तो चढून सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, आलं की आमची शाळा. भोवती नुसता कातळ. खाली उतारावर भातशेती आणि वाड्या. मला काम दिसलं की ते त्याच दिवशी हातावेगळं झालेलं लागतं. आणि मांडवकरांचं सगळ्यांना ठरलेलं उत्तर होतं, "घाई हाय? मग उद्या या." सुरुवातीला मला वाटलं, हा सरकारी आळस आहे. पुढे कळलं की घाईत आलेल्या माणसाच्या दाखल्यात चूक राहते असा त्यांचा अनुभव होता, आणि दाखल्यातली एक चूक निस्तरायला पुढे सहा महिने हेलपाटे घालावे लागतात. माणसाला एका दिवसासाठी परत पाठवणं हा त्यांच्या लेखी उपकार होता. आम्हा घाईवाल्यांना तो कळत नसे इतकंच.

मांडवकर मूळचे अलोऱ्याचे. वडील तिथल्या कोयना प्रकल्पाच्या गोदामात कामाला होते, पाना-हातोड्यांवर नंबर टाकून ते खुंटीला लावायचे. मुलाने तेच काम माणसांच्या बाबतीत केलं. बायको-मुलं अलोऱ्याला, हे शाळेजवळ एका खोलीत, आणि शनिवारी दुपारची एसटी. अंगाने काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक कोणालाही मिळायचं. दुसरं मी कधी मागितलं नाही, कारण ते रजिस्टरचं होतं. रजिस्टर उघडण्याआधी ते बाहेरच्या नळावर साबणाने हात धुवायचे आणि खुंटीवरच्या वेगळ्या पंच्याला पुसायचे. कोणी पान उलटताना बोट जिभेला लावलं की तिथल्या तिथे थांबवायचे. "थुंकी नाय लावायची. देवाचं नसलं तरी कोणाचं तरी हाय ते."

दसरा झाला की दोन शनिवार ते गावची एसटी सोडून रजिस्टरांना ऊन दाखवत. आमच्याकडे पावसाचे चार महिने गेले की कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा हिरवी होते, मग कागदाची काय कथा. शाळेच्या मागच्या कातळावर सतरंजी अंथरून तिच्यावर सगळी रजिस्टरं उघडी ठेवायची, चारी कोपऱ्यांना दगड, आणि शेजारी छत्री उघडून मांडवकर. पंधरा मिनिटांनी एक पान उलटायचं. दुपारी ऊन फार कडक झालं की छत्री स्वतःच्या डोक्यावरून काढून रजिस्टरावर धरायचे, कारण जादा उन्हात शाई उडते. संध्याकाळी प्रत्येक रजिस्टरात वेखंडाचा तुकडा घालून ते पुन्हा बांधायचं. एका वर्षी ते जेवायला डबा उघडतात न उघडतात तोच एका गाईने शिक्षकांच्या रजेच्या रजिस्टराची दोन पानं खाल्ली. मांडवकरांनी रीतसर पंचनामा केला. गाईचा रंग, मालकाचं नाव, पानांचे क्रमांक, खाली दोन साक्षीदार. तो कागद मी स्वतः वाचलाय. त्यात 'गाईस कोणताही अपाय झाल्याचे दिसून आले नाही' असंही वाक्य होतं.

पण जपून ठेवण्याचं वेड अनेकांना असतं. मांडवकरांचं निराळेपण होतं ते टाकण्यात. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. अ, ब, क, ड. अ म्हणजे कायमचं, ब आणि क म्हणजे अमुक अमुक वर्षं, ड म्हणजे वर्षभर. हा नियम सगळ्याच कचेऱ्यांना असतो आणि सगळ्याच कचेऱ्या तो विसरतात. मांडवकर तो पंचांगासारखा पाळत. मुदत संपलेला कागद ते एक दिवससुद्धा जास्त ठेवायचे नाहीत. सगळं ठेवणारा आणि सगळं फेकणारा, दोघांनाही कागद वाचायचा कंटाळा असतो, असं ते म्हणत.

मी एकदा सुचवलं, जुने पेपर रद्दीत घाला आणि मोकळे व्हा. तेव्हा त्यांनी मला हातखंब्याची गोष्ट सांगितली. तरुणपणी तिथल्या नाक्यावर गाडीची वाट बघताना त्यांनी भजी घेतली. पुडीचा कागद म्हणजे कुठल्याशा शाळेतल्या मुलीचा अर्ज होता. आई वारली आहे, वडील घरी काही देत नाहीत, तरी सहलीला नेऊ नये पण वर्गातही त्याबद्दल विचारू नये, अशी मुख्याध्यापकांना विनंती. खाली मुलीचं नाव, तुकडी, सही. त्या सहीवर तेलाचा डाग पडला होता. मांडवकरांनी भजी कुत्र्याला घातली आणि कागद घरी नेऊन चुलीत टाकला. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "वर्गात विचारू नका म्हणाली ती पोर, बाई. आणि आख्ख्या नाक्याने वाचलं."

तेव्हापासून त्यांच्या शाळेतला कागद रद्दीत गेला नाही. तो यमुनाकाकींच्या भाजावळीत गेला.

भाजावळ आमच्याकडे सगळे करतात. पावसाआधी, जिथे भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे कवळं, शेण आणि पालापाचोळा यांचे थर रचून ते भाजायचे, म्हणजे तण मरतं आणि राख रोपाला मिळते. यमुनाकाकींचा तुकडा शाळेच्या बरोबर खाली. मुलगे मुंबईत, घरी ही एकटी, साठी उलटलेली, कामाला वाघीण. दर वर्षी शिमगा झाला की मांडवकर मंजुरी घेऊन मुदत संपलेले गठ्ठे तिथे नेत, कागद फाडून पाल्याच्या थरांत घालत. आणि त्याआधी तिथेच बांधावर उभं राहून आख्खी यादी मोठ्याने वाचत. सहामाहीचे पेपर, इयत्ता सातवी, गठ्ठा एक. रजेचे अर्ज, गठ्ठा एक. प्रत्येक गठ्ठ्याला काकी ओच्यात एक खडा टाकायच्या. यादी संपली की खडे मोजायचे, जुळले तरच काडी लावायची. एका वर्षी एक खडा कमी भरला, तेव्हा दीड तास शोधाशोध झाली. आमचे शिपाई सुर्वे तो गठ्ठा बुडाखाली घेऊन बसले होते.

या कामात त्यांना सगळ्यात घाई कशाची असेल, तर माफीपत्रांची. शाळेत मुलांकडून वर्षभर माफीपत्रं लिहून घेतली जातात. खिडकीची काच फोडली, मधल्या सुट्टीत पळून गेलो, चिठ्ठी लिहिली. ही ड वर्गात. वर्ष भरलं की पहिली ती जायची. एकदा मुलगी बघायला आलेल्या घरातले दोघेजण शाळेत चौकशीला आले. मुलगी आमच्याकडे दहावी झालेली. तिने म्हणे नववीत एका मुलाला चिठ्ठी लिहिली होती आणि तिच्याकडून माफीपत्र घेतलं होतं, ते खरं का, बघायला मिळेल का. मी रागाने लाल होऊन काही बोलणार तेवढ्यात मांडवकरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की त्या सालचं सगळं भाजावळीत गेलं, त्याचं भात झालं. "तुमचं गाव खालच्या अंगालाच ना? मग तुम्ही पण खाल्लं असेल." ते दोघं चहा न घेताच गेले. लग्न तिथेच झालं, हे मला नंतर कळलं.

आता माझ्या पराक्रमाकडे वळते.

शाळेला कोणीतरी दहा संगणक भेट दिले. खोके येऊन व्हरांड्यात पडले आणि संगणकांसाठी मोकळी करता येईल अशी खोली एकच होती, रेकॉर्डची. मी मांडवकरांना म्हटलं, खोली रिकामी करा. ते म्हणाले, शिमगा झाला की लावतो. वर्षातून एकदाच ते सलग रजा घेत, शिमग्याची, कारण तेव्हा गावची पालखी त्यांच्या घरी यायची. ते गेले आणि मी दुसऱ्याच दिवशी पदर खोचला. त्यांच्या हातची मंजूर झालेली यादी टेबलावर होतीच, त्यात नऊ गठ्ठे. खोलीत लाल कापडात बांधलेले पुष्कळ, आणि अगदी वरच्या फळीवर विटक्या, जुनाट कापडात बांधलेले काही. मी सव्वीस वर्षं बघत आले होते की महत्त्वाचं दप्तर लाल रुमालात असतं. विटक्या कापडातले मोजले, नऊ भरले. गणिताच्या बाईला आणखी काय पुरावा हवा? एकही गठ्ठा उघडून न बघता मी ते सुर्व्यांबरोबर यमुनाकाकींकडे पाठवून दिले आणि पेटवायला सांगा म्हटलं. संध्याकाळपर्यंत संगणक मांडून झाले. मला फार बरं वाटत होतं.

दोन दिवसांनी गुरुवारी सकाळी निकिता आली. वीस वर्षांची, पाठीला सॅक, मुंबईहून रात्रभर एसटीने आलेली. तिचे वडील काशिनाथ आमच्या शाळेत शिकलेले. दोन वर्षांपूर्वी ते वारले. गावचं घर पडलं, त्यात त्यांचा दाखलाही गेला. तिला नर्सिंगला राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता, पण जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची होती, आणि तिच्याकडे पुरावा असा एकच उरला होता, बापाची आमच्या रजिस्टरातली ओळ. समितीपुढे रत्नागिरीला सोमवारी तारीख होती.

"मॅडम, बाबांची नोंद नाही मिळाली तर माझी सीट जाईल," ती म्हणाली. "परत तारीख देणार नाहीत, असं सांगितलंय."

मी तिला बसवून रेकॉर्ड काढायला गेले. पहिला लाल गठ्ठा सोडला, त्यात चाचणी परीक्षेचे पेपर. दुसऱ्यात माफीपत्रं. तिसऱ्यात सहलीची संमतीपत्रं. एकेक करून सगळे सोडले. जनरल रजिस्टर एकही नव्हतं.

मी मांडवकरांना फोन लावला. मागे ढोल वाजत होते. मी ओरडून काय झालं ते सांगितलं, स्वतःलाच शिव्या घातल्या. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "यादी कोणी वाचली?"

"कोणीच नाही. मी नुसते पाठवून दिले."

ढोल जरा लांब गेले. ते अंगणातून आत आले असावेत. "मग पाणी प्या, बाई. मी उद्याच्या पहिल्या गाडीने येतो."

एवढंच बोलून फोन ठेवला. मला वाटलं, या माणसाला धक्क्याने काही सुचत नाहीये. मी निकिताला काही न सांगता मागच्या दाराने निघाले आणि उताराची पायवाट धरली. अर्ध्या वाटेवर खालून धूर वर येताना दिसला. मी धावले. एका चपलेचा अंगठा तुटला, दोन्ही तिथेच टाकल्या. बावन्नाव्या वर्षी मी अनवाणी, एका हाताने निऱ्या धरून, कातळावरून धावत होते आणि तोंडाने दोन हजार नंबर म्हणत होते असं सुर्वे अजून सांगतात. नंबर मी म्हणत नव्हते. देवाचं नाव घेत होते.

धूर पलीकडच्या तुकड्यातून येत होता. यमुनाकाकींच्या तुकड्यावर कवळाचे थर तसेच रचलेले, काडी लागलेली नव्हती. बांधाला सहा गठ्ठे ओळीने मांडलेले. फक्त सहा. मी कसाबसा श्वास घेत विचारलं, बाकीचे तीन?

"घरात हायत, खाटेवर," काकी म्हणाल्या. "माज्या सासूचं लुगडं मी वळखनार नाय व्हय? भाऊने मागून न्हेलंन ते. म्हनाला, लाल कापाड पावसाला रंग सोडतंय, कागद लाल व्हतंत. जुना धुतलेला लुगडा बरा. त्येच्यात कायमचा ठेवतो म्हनला. मंग कायमचा म्हंजे जाळायचा कसा?"

"आणि बाकीचे सहा का नाही पेटवलेत?"

काकींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "यादी वाचाया कोन आला नाय. काडी लावल्यावर भाऊ म्हनाला यक कमी, तर मी राखंतून काढून देऊ?"

मी तिथेच बांधावर बसले आणि रडले. भोकाड पसरून रडले म्हटलं तरी चालेल. काकींनी मला ताकाचा तांब्या आणून दिला आणि मी तो एका दमात संपवला. इतकं गार काही मी त्याआधी प्यायले नव्हते. नंतर बघितलं तर त्या सहा गठ्ठ्यांतही पगारपत्रकं आणि सेवापुस्तकं होती, म्हणजे आमच्या सगळ्यांची पेन्शन. मंजूर यादीतले नऊ गठ्ठे खोलीत लाल कापडात सुरक्षित होते. कोकणातल्या दमट हवेत ज्याचा रंग उतरून गेलाय तेच कापड भरवशाचं, हे मांडवकरांना ठाऊक होतं, काकींना ठाऊक होतं. इथे जन्म काढूनही मला ते सुचलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मांडवकर आले. केसांत गुलाल तसाच. मी बोलणी खायची तयारी करून बसले होते. त्यांनी नळावर हात धुतले, पंच्याला पुसले, तीनही रजिस्टरांची पानं शेवटपर्यंत मोजली आणि मग दुसरं रजिस्टर निकितासमोर उघडलं.

"नऊशे एकेचाळीस," ते म्हणाले. "ही वळ माझ्या हातची. नोकरीचा माझा दुसरा दिवस. हात कापत व्हता, म्हणून काशिनाथातला थ बघ, जरा वाकडा हाय. तुझा बाप माझ्यासमोर उभा व्हता, तो पण घाबरलेला. आम्ही दोघं पण नवीन."

निकिता वाकून बघत राहिली. तिने नकळत बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. त्या रजिस्टराला मांडवकरांनी मला, मुख्याध्यापिकेला, सुद्धा कधी हात लावू दिला नव्हता. ते म्हणाले, "साबण नळावर हाय. धुवून ये." ती हात धुवून आली, पंच्याला पुसले, आणि त्यांनी तिचं बोट धरून बापाच्या नावाखाली टेकवलं. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो.

सोमवारी मांडवकर स्वतः रजिस्टर घेऊन रत्नागिरीला गेले. एसटीत ते लुगड्यातलं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते, खाली ठेवलं नाही, असं निकिताने सांगितलं. नोंद तपासली गेली, मान्य झाली. काही दिवसांनी तिचा मला फोन आला की पडताळणीचं प्रमाणपत्र हातात पडलं. मी फोन ठेवला, वर्गात गेले आणि त्या दिवशी कोणालाच गृहपाठ दिला नाही.

माझ्या मनातून मात्र ते जाईना. मी एका कागदावर सगळा प्रकार लिहिला. मी अधीरपणाने, न विचारता, न वाचता कायमचं दप्तर जाळायला पाठवलं, त्याबद्दल श्री. मांडवकर यांची मी क्षमा मागते. सही केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, आवक शिक्का मारला, नंबर घातला.

"कुठल्या वर्गात घालू?" त्यांनी विचारलं.

"अ वर्गात घाला," मी म्हटलं. "माझ्यानंतर येणाऱ्यांना कळू दे." मला वाटतं, पश्चात्तापातसुद्धा मला थोडा मोठेपणा हवा होता.

"नाय बाई. माफीपत्र हाय, ड वर्ग. वरीसभर." आणि त्यांनी तो कागद मुलांच्या माफीपत्रांच्या गठ्ठ्यात, खिडकीची काच फोडणाऱ्या कुणा सातवीतल्या मुलाच्या कागदाखाली ठेवून दिला.

त्या वर्षात आम्ही बरंच काही नीट केलं. कुठल्या कापडात काय आहे ते त्यांच्या डोक्यातून काढून कागदावर आणलं आणि दाराला बाहेरून लावलं. तिन्ही रजिस्टरांचे फोटो काढून संगणकात घातले. मांडवकरांची त्याला हरकत नव्हती. फोटोला वाळवी लागत नाही, पण फोटो कुठे ठेवला तेही लिहून ठेवा, नाहीतर पुन्हा धावावं लागेल, एवढंच म्हणाले. मी त्यांना भाऊ म्हणायला लागले ते याच वर्षी.

पुढच्या शिमग्यानंतर भाजावळीला मीही गेले. त्यांचं ते निवृत्तीचं वर्ष. बांधावर उभं राहून त्यांनी यादी वाचली आणि काकींनी खडे टाकले. माफीपत्रं, गठ्ठा एक. त्यांनी तो गठ्ठा सोडून माझा कागद वेगळा काढला, माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघू लागले. मी तो फाडला आणि पाल्यात टाकला. खडे जुळले. काकींनी काडी लावली. वर्षभर छातीवर काहीतरी घेऊन मी वावरत होते, ते त्या धुराबरोबर गेलं, असं मला अगदी खरोखर वाटलं. भाऊ लाल रुमाल झटकून त्याची घडी घालत होते. नवीन गठ्ठ्याला तो लागणार होता.

मे महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते दोन वाक्यं बोलले आणि किल्ल्यांच्या पावतीवर माझी सही घेतली.

ऑक्टोबरात दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी रजिस्टरांना ऊन दाखवायला बसले. नवीन क्लार्क अजून मिळाला नव्हता. सतरंजी, दगड, छत्री, सगळं त्यांच्यासारखंच. अकराच्या सुमाराला बघते तर शाळेच्या दगडी गडग्यापलीकडे भाऊ उभे. हातात पिशवी. अलोऱ्याहून यमुनाकाकींना भेटायला आले होते म्हणाले. मी म्हटलं, आत या, बसा. त्यांनी मान हलवली.

"मी आता बाहेरचा," ते म्हणाले. "दप्तर उघडं असताना बाहेरच्याने आत येऊ नये. तुम्ही तिसऱ्याचं पान उलटा, ऊन तिरपं झालं."

मी उठून हात धुवून आले, तिसऱ्या रजिस्टराचं पान उलटलं, मग दुसऱ्याचं. वर बघितलं तेव्हा ते उताराच्या पायवाटेला लागले होते, छत्री उघडून, सावकाश. हाक मारावीशी वाटली, पण पान सुटलं असतं. गडग्यावर त्यांनी पिशवी ठेवली होती. तिच्यात काकींच्या शेतातले नवे तांदूळ.

संध्याकाळी रजिस्टरं बांधून घरी गेल्यावर मी त्यांची पेज केली. मीठ घातलं, जराशी गार होऊ दिली. मी पेज दोनदा वाढून घेतली आणि मग पंख्याखाली छान झोपले.